कोल्डचं दार

लंकाबाई आणि दादाभाऊ एकाच पॅकहाऊसमध्ये सात वर्षं कामाला होते आणि त्या सात वर्षांत एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. भांडण वगैरे काही नव्हतं. दादाभाऊ लंकाबाईचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्याशी बोलायचं नसतं, त्याच्या समोर उभं राहायचं नसतं, तो आला की पदर पुढं ओढून बाजूला व्हायचं. पिंपरी पेंढारमध्ये हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण तसं तर श्वास घ्या असंही कुणी लिहून ठेवलेलं नाही.

लंकाबाई कात्रीवर होती तोवर कुणाचं काही अडलं नाही. ती हॉलमध्ये चाळीस बायकांबरोबर बसून द्राक्षाच्या घडातले खराब मणी कापायची. दादाभाऊ कोल्डमध्ये, म्हणजे गार खोलीत, पेट्या थंड करायचे आणि कंटेनरमध्ये भरायचे. दोघांच्या मध्ये एक दार होतं. पण २००३ च्या संक्रांतीला आमचा सुपरवायझर जास्त पगारावर नाशिकला गेला आणि मालक गेणभाऊ शेठनी त्याच्या जागी लंकाबाईला बसवलं.

गावाला हे कळेना. मला कळत होतं, कारण तो सुपरवायझर चार वर्षं प्रत्येक गोष्ट लंकाबाईला विचारून मगच ओरडायचा. शेठ ते खिडकीतून बघत होते. दादाभाऊ मात्र तिच्यापेक्षा सहा वर्षांनी जुने. त्यांनी तर खिशाला लावायला पेनही आणला होता.

शेठनी अट घातली. हॉलंडला तीन कंटेनर बिनतक्रार गेले तर लंकाबाई कायम. एकात जरी घोळ झाला तर ती परत कात्रीवर आणि खुर्ची दादाभाऊला. परत कात्रीवर म्हणजे त्याच चाळीस बायकांत बसायचं, ज्यांना ह्या बाईनं तोवर दीड महिना उठवलं-बसवलं असतं. लंकाबाईनं अट ऐकली आणि विचारलं, "तिसरा कधी हाय?" तिचा नवरा संपत दुधाची गाडी चालवायचा. त्याचं मत विचारलं तेव्हा तो म्हणाला, "दादा म्हनंल तसं." दादा काहीच म्हणाला नाही. त्यामुळं संपतचं मत आजतागायत बाहेर आलेलं नाही.

आता सुपरवायझरनं कोल्डवाल्याला हुकूम सोडायचा असतो. तो सोडणार कसा? इथं मी येतो. मी आदेश, पेट्यांवर चिकटवायची लेबलं कॉम्प्युटरवर छापायचो. गाव आणे. पठारावरचा, म्हणजे पिंपरीत कुणाचा कुणी नाही. म्हणून माझी नेमणूक झाली.

"आदेश, थोरल्यांना सांग, आधी बारा नंबरचा माल घ्या," लंकाबाई म्हणायची. दादाभाऊ तिथंच, सहा फुटांवर, पाठ करून उभे असायचे.

मी मान वळवून म्हणायचो, "दादाभाऊ, आधी बारा नंबरचा माल घ्या."

"तिला सांग, बारा नंबर मागं हाय. पुढचा काढल्याबिगर निघत न्हाई."

मी मान परत वळवायचो. तिघांनीही सगळं पहिल्याच वेळी ऐकलेलं असायचं. असं दिवसातून साठेक वेळा. माझी मान त्या दिवसांत फार मोकळी झाली होती. मी नसलो तर दादाभाऊ काळ्याला सांगायचे. काळ्या म्हणजे पॅकहाऊसचा कुत्रा. निर्यातीच्या नियमाप्रमाणे पॅकहाऊसमध्ये कुत्रा चालत नाही, त्यामुळं कागदोपत्री तो नव्हता. लंकाबाई जवळपास असली की दादाभाऊ त्याला म्हणायचे, "काळ्या, पेट्या कमी पडत्यात बरं का," आणि लंकाबाई पेट्या मागवायची. काळ्यानं कधी निरोपात चूक केली नाही.

पहिले दोन कंटेनर नीट गेले. तिसरा २ मार्चला होता, रविवारी.

१ मार्चला भारत-पाकिस्तान मॅच होती. भारत जिंकला. त्यानंतर आण्यात जे झालं त्यात माझाही हात होता, तपशील सोडा. २ मार्चला मला पहाटे पाचला पोचायचं होतं. मी सव्वाअकराला पोचलो.

हॉलमध्ये शिरलो तेव्हा कात्र्या चालू होत्या पण बायका बोलत नव्हत्या. चाळीस बायका न बोलता काम करताना मी पहिल्यांदाच बघत होतो. कंटेनरची गाडी मागं लागून उभी होती, तोंड उघडं. लंकाबाई कोल्डच्या दाराशी, डोक्याला नियमाची प्लॅस्टिकची टोपी, टोपीवर रिवाजाचा पदर. हातात सुईचं थर्मामीटर. सुई एका मण्यात खुपसलेली.

"किती?" मी विचारलं.

"पाच पूर्णांक चार."

माल एक अंशाच्या खाली गेल्याशिवाय कंटेनरमध्ये भरायचा नसतो. द्राक्षं वीस-बावीस दिवस बोटीत असतात. गरम माल आत गेला तर हॉलंडला पोचते ती बुरशी. आणि रात्री बारा वाजता बंदराचं गेट बंद होणार होतं. त्यासाठी गाडी दुपारी दोनला हलली पाहिजे असं शेठनी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

"थोरल्यांना इचार," लंकाबाई म्हणाली. "आकडा कसा चढला?"

दादाभाऊ आत पाठ करून उभे होते. मी वळलो. "दादाभाऊ, आकडा कसा चढला?"

"पाचाला लाईट गेली. सहाला जनरेटरचं डिझेल संपलं. नवाला लाईट आली. तीन तास मशीन बंद."

"थोरल्यांना इचार, मला का न्हाई सांगितलं?"

"दादाभाऊ, तुम्ही त्यांना का नाही सांगितलं?"

"सांगितलं की."

"कुणाकडं?"

"तू व्हतास का?" दादाभाऊ म्हणाले. "काळ्याला सांगितलं."

तेवढ्यात शेठची जीप आली.

गेणभाऊ शेठ पंचावन्नचे, गावातलेच, मधुमेहाचे आणि घाईचे. त्यांनी थर्मामीटर बघितलं, घड्याळ बघितलं, परत थर्मामीटर बघितलं. मग चौकशी सुरू केली. मी ती चौकशी जशी झाली तशी सांगतो, कारण मला स्वतःला तिच्यात त्या वेळी काहीही विचित्र वाटलं नव्हतं.

"डिझेल संपल्याचं कुणाला सांगितलं?"

"काळ्याला," दादाभाऊ म्हणाले.

"किती वाजता?"

"साडेसहा."

"तवा ही कुठं व्हती?"

दादाभाऊंनी स्वेटरची बाही खाली ओढली. "वजनकाट्यापाशी. धा पावलांवर."

"मंग लंकाबाई, ऐकू आलं आसंल."

"मी काट्यापाशी नव्हते," लंकाबाई शेठना म्हणाली. "गेटवर क्रेट उतरून घेत व्हते."

"साक्षीदार?"

सगळ्यांनी काळ्याकडं बघितलं. काळ्या वजनकाट्यावर झोपला होता. काटा अठरा किलो दाखवत होता.

"ह्ये बघ," शेठ म्हणाले, "कुत्र्याला सांगितलं म्हंजे सांगितलं. ऐकायचं काम सुपरवायझरचं. आता दोन वाजता गाडी गेलीच पायजे. भरा माल."

"शेठ, पाचावर हाय."

"कंटेनर थंडच आसतो की. वाटंत व्हईल गार."

"कंटेनर गार ठेवतो, गार करत न्हाई," लंकाबाई म्हणाली. "आत्ता भरला तर तिसरा कंटेनर गेला म्हनून समजा. मला साडेचारपर्यंत द्या."

ड्रायव्हर गाडीच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "साडेचारला निघालो तर पोचतो. पण माळशेजला जेवाय थांबणार न्हाई, सांगून ठेवतो."

"पंक्चर झालं म्हंजे?" शेठ त्याच्यावर ओरडले. "घाटात ट्रक आडवा पडला म्हंजे? गेट हुकलं की माल आठ दिवस बंदरावर! दादा, काढ पहिली ट्रॉली!"

आत दादाभाऊ आणि त्यांची सात माणसं होती. ट्रॉलीची चाकं करकरली.

लंकाबाई चालत गेली आणि कोल्डच्या दारात, बरोबर मधोमध, उभी राहिली. दार एका ट्रॉलीएवढंच रुंद. तिनं पदर नाकापर्यंत ओढला, आतल्या माणसांकडं पाठ केली आणि तोंड आमच्याकडं. तिच्या दोन्ही बाजूंनी गार हवेचा धूर बाहेर येत होता.

ट्रॉली थांबली.

पहिला मिनिटभर कुणालाच कळलं नाही काय झालंय. मग हळूहळू कळलं. दादाभाऊ भासरे. तिला 'सरक' म्हणता येत नाही. तिच्या अंगाला घासून जाता येत नाही. ट्रॉलीचं टोक जरी तिच्या पदराला लागलं असतं तरी पुढची दोन लग्नं त्याच विषयावर लागली असती.

"दादा, तू थांब," शेठ म्हणाले. "दुसरं कुणी या पुढं."

दुसरं कोण येणार? सातही जण एकाच भावकीचे, एकाच आळीतले. शेठनी एकेकाला हाका मारल्या आणि आतून एकेकानं नातं सांगितलं. चुलत भासरा. चुलत सासरा. भासरा. थोरला चुलत भासरा. एक एकवीस वर्षांचा पोरगा होता, तो निघाला आजेसासरा. शेठ स्वतः तर गावच्या नात्यानं सगळ्याच सुनांचे सासरे. ते तिच्यावर ओरडू शकत होते, मालक होते. पण तिच्या अंगावरून आत जाऊ शकत नव्हते.

"ड्रायव्हर, तू जा रे."

"माझं काम चाकाच्या वर न्हाई," ड्रायव्हर म्हणाला आणि त्यानं बिडी काढली.

पावणेबारा झाले होते.

"भिका!" शेठना आठवलं. भिका बाहेर कंटेनरपाशी होता. तो तिचा धाकटा चुलत दीर. दिराला सगळं चालतं. वहिनीशी बोलता येतं, थट्टा करता येते, होळीला रंगही लावता येतो. "भिका, आत जा आन् ट्रॉली ओढून काढ."

भिका आला. हसत आला, पण दाराजवळ येईपर्यंत हसू निम्मं झालं. "वैनी, सरका की जरा. शेठ लई तापलंत."

"शेठ तापल्यालं चालंल, माल तापल्याला न्हाई चालत. भावजी, तुमी जरूर या आत. पर एक करा. पेटी उघडा, मधला मणी तोंडात टाका, आन् गार लागला तर न्या."

"मी नोकर मानूस, वैनी."

"मी कोन हाय मंग?"

भिकानं एक पाऊल पुढं टाकलं. लंकाबाई हलली नाही. आता दोघांत हातभर अंतर. भिका अंगानं थोर होता आणि दिराला ढकलताही येतं. नंतर थट्टा म्हणायचं.

तेव्हा चार नंबरच्या टेबलावरून आवाज आला. भिकाची बायको सखूबाई. "अवो, जावा की! ढकला वैनीला! आन् सांजचं जेवन शेठकडं करा. उद्याचंबी. परवाचंबी."

चाळीस कात्र्या थांबल्या होत्या. भिकानं मागं वळून बघितलं. मग तो वाकला, जागेवरच उभ्या असलेल्या एका रिकाम्या ट्रॉलीच्या चाकात पाय घातला आणि म्हणाला, "शेठ, चाक आडाकलंय."

शेठनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते माझ्याकडं बघत होते.

"आदेश. तू आण्याचा. तू तिचा कुनी न्हाईस."

"होय शेठ."

"जा मंग."

सगळा हॉल माझ्याकडं बघायला लागला. लंकाबाईही. तिच्या नजरेत विनवणी असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत होती, एखाद्या पेटीचं लेबल वाचावं तशी. मी पहाटे पाचला आलो असतो तर निरोप माझ्याकडं आला असता, डिझेल आलं असतं, आकडा चढला नसता. मॅचचा शेवटचा तास मी आणखी दोनदा हायलाइट्समध्ये बघितला होता. मी चार पावलं गेलो. मला ट्रॉली ओढता येते. नोकरी मला हवी होती. तोंड उघडलं तेव्हा मी काय बोलणार आहे हे मला माहीत नव्हतं.

"शेठ, मला जाता येणार नाही."

"का?"

"मी त्यांचा मामेसासरा लागतो."

शेठ एक पाऊल माझ्याकडं आले.

"कोन लागतोस?"

"मामेसासरा. दादाभाऊंची आई साळुबाई आण्याची. आमच्याच आडनावाची. ती माझी बहीण लागते. चुलत-चुलत."

"साळुबाई अडुसष्ट वर्षांची हाय!"

"आमच्या शाखेत लग्नं उशिरा होतात, शेठ."

"कालपोतर तू हिला ताई म्हनत व्हतास!"

"काल नातं काढलं नव्हतं."

शेठचा चेहरा बघून मला वाटलं, आता हे मला मारणार. साळुबाई आण्याची हे खरं होतं. आडनाव एक हेही खरं. बाकी मी दाराकडं चालता चालता जुळवलं होतं. सगळं कोसळायला एकच माणूस पुरे होतं आणि ते माणूस पहिल्या टेबलावर बसलं होतं. कुशाबाई, वय सत्तर, माहेर आणे. दोन्ही गावांची लग्नं तिला पाठ. तिनं कात्री खाली ठेवली, चष्मा वर केला आणि मला म्हणाली, "तुझा आजा कंचा?"

"सावळेराम." हे खरं सांगितलं. खोटं सुचलं नाही.

कुशाबाईनं डोळे मिटले. ओठ हलत होते. आमच्या आजोबांना थोरला भाऊ होता की नव्हता हे मला आजही माहीत नाही.

"बरूबर," कुशाबाई म्हणाली. "सावळेरामाच्या थोरल्या भावाची नात साळू. ह्यो साळूचा भाऊ लागला. गेणभाऊ, पोरगं खरं बोलतंय. मामेसासरा हाय."

"कुशाबाई, तू गप! तू बाईमानसाची बाजू घेनार!" शेठ दाराकडं वळले आणि लंकाबाईच्या डोक्यावरून आत ओरडले. "दादा! आई तुझी. आजोळ तुझं. तू सांग. ह्यो पोरगा तुझा मामा लागतो का न्हाई?"

आता सगळं दादाभाऊंवर आलं. ते नाही म्हणाले असते तर मला जावं लागलं असतं, नाहीतर आण्याची गाडी धरावी लागली असती. मी गेलो असतो तर माल पाचावर भरला गेला असता, तीन आठवड्यांनी हॉलंडहून तक्रार आली असती आणि खुर्ची दादाभाऊंची झाली असती. त्यांना एक शब्द बोलायचा होता. आणि तो खरा होता.

मला लंकाबाईच्या खांद्यावरून ते दिसत होते. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, अंगात दोन स्वेटर, भुवयांवर दव. त्यांनी ट्रॉलीवरच्या सगळ्यात वरच्या पेटीवर तळवा ठेवला, ताप बघतात तसा. तेरा वर्षं हा माणूस कोल्डमध्ये होता. हाताला माल किती आहे ते त्यांना थर्मामीटरशिवाय कळायचं. तळवा तसाच राहिला, बराच वेळ.

"लागतो," ते म्हणाले.

"काय?"

"मामा लागतो." मग खाली बघत, "आन् शेठ, काळ्याला सांगितलं तवा ही काट्यापाशी नव्हती. गेटवर व्हती. मला दिसत व्हती."

"मंग कुनाला सांगितलंस?"

"काळ्यालाच. आपलं सांगायचं म्हनून सांगितलं."

लंकाबाईची पाठ त्यांच्याकडं होती, त्यामुळं तिचा चेहरा फक्त आम्हाला दिसला. त्यावर काहीच झालं नाही. फक्त तिनं थर्मामीटर एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

शेठ क्रेटवर बसले. घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं. "साडेचार," ते म्हणाले. "गाडी हुकली, गेट हुकलं, तर उद्या सकाळी तू कात्रीवर. दादा मशीनवर न्हाई, घरी. आन् ह्यो मामा आण्याला."

लंकाबाई दारातून बाजूला झाली आणि कामाला लागली. भिका आळेफाट्याला डिझेलला गेला, कारण लाईट परत जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. दार बंद, पंखे पूर्ण, दर अर्ध्या तासाला आकडा. सगळं सुरळीत चाललं होतं, एवढ्यात तिला पहिला आकडा हवा झाला.

"आदेश," ती म्हणाली आणि थांबली. पदर सावरला. "मामा..."

"मामेसासऱ्याला निरोप्या करतीस व्हय गं?" कुशाबाई म्हणाली. "त्येला कामाला लावतीस? मानसं काय म्हंतील?"

तेवढ्यात दादाभाऊ कोल्डमधून बाहेर आले, तोंडात आकडा घेऊन. मला बघून तोंड उघडलं. "आदेश, तिला..." आणि मिटलं. भाच्यानं मामाला निरोप देऊन पाठवायचं? मला कुणीतरी खुर्ची आणून दिली होती. चहाही दिला. मी त्या पॅकहाऊसमधला सगळ्यात मानाचा आणि सगळ्यात निरुपयोगी माणूस होतो. भिका आळेफाट्याला. काळ्या जेवायला गावात.

दोघं सहा फुटांवर उभे होते. तो तिकडं तोंड करून, ती इकडं. मशीन घरघरत होतं. मिनिट गेलं. एकेका मिनिटाची किंमत होती त्या दिवशी. लंकाबाईनं हॉलभर बघितलं. दुसरी एखादी बाई उठवता आली असती. सखूबाई अर्धी उठलीही. लंकाबाईनं हातानं तिला खाली बसवलं.

"किती?" ती म्हणाली.

कुणाला, ते म्हणाली नाही. पण तिथं दुसरं कुणी नव्हतं.

दादाभाऊंच्या मानेची शीर हलली. "चार पूर्णांक एक," ते म्हणाले.

छत पडलं नाही. मी वर बघून खात्री केली.

एक वाजता तीन पूर्णांक आठ. दीडला लाईट गेली, डिझेल पोचलं नव्हतं, सतरा मिनिटं मशीन बंद राहिलं आणि त्या सतरा मिनिटांत शेठ हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते, एकदाही न थांबता. भिका आला. मशीन चालू. अडीचला दोन पूर्णांक तीन. तीनला एक पूर्णांक सहा. माल भरायला पाऊण तास लागायचा. म्हणजे पावणेचारला सुरुवात झालीच पाहिजे होती.

साडेतीनला दादाभाऊ बाहेर आले. "एक पूर्णांक दोन. भरू?"

"न्हाई."

धाकट्या भावाची बायको भासऱ्याला तोंडावर नाही म्हणाली. दादाभाऊंचा कान लाल झाला.

"एक आन् एक पूर्णांक दोन. फरक काय त्यात?"

"कडंचा मणी घेतला का मधला?"

दादाभाऊंनी मागं कोल्डकडं बघितलं.

"मधल्या पॅलेटचा घ्या. पेट्यांच्या खालच्या थराचा."

"गाडी हुकंल."

"हुकू द्या. मी कात्रीवर जाईन. बुरशीवर सही करनार न्हाई."

शेठ उठून उभे राहिले. दादाभाऊ आत गेले. दार लागलं. तीन चाळीस. तीन पंचेचाळीस. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं, कुणी सांगितलं नव्हतं. तीन पन्नासला दार उघडलं.

"मधल्याचा," दादाभाऊ म्हणाले. "शून्य पूर्णांक नऊ."

"भरा!"

मी त्या पॅकहाऊसमध्ये नंतर पाच वर्षं काढली, पण तसं भरताना पुन्हा बघितलं नाही. वीस पॅलेट. भासरे, चुलत भासरे, आजेसासरा, सगळे पळत होते. मीही मान बाजूला ठेवून एक ट्रॉली धरली, कुशाबाई "अवो मामा" म्हणून ओरडली तरी. चार एकतीसला दारं लागली, सील लागलं. चार चौतीसला गाडी हलली.

"चार मिन्टं जास्त," शेठ म्हणाले.

लंकाबाई कागद भरत होती. शेठ खांद्यावरून बघत होते. तिनं वेळेच्या रकान्यात चार चौतीस लिहिलं आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कात्र्या सुरू झाल्या. शेठचा पत्ता नव्हता. लंकाबाई टेबलाशी होती, पण बसली नव्हती. उभ्यानंच माल वाटत होती. आठला जीप आली. शेठ आत आले, सगळ्यांकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"लागली गाडी," ते म्हणाले. "अकरा चाळीसला आत गेली. ड्रायव्हर म्हनतोय जेवनाचे पैसे द्या." मग, "हॉलंडचं काय येईल ते येईल, आजपास्नं तू कायम. दादाचं काय करायचं ते तूच ठरव. मला इचारू नको."

ते गेले. दादाभाऊ कोल्डच्या दाराशी उभे होते, स्वेटर न घालता. त्यांनी ऐकलं होतं. ह्या वेळी पाठ केली नव्हती, पण नजर जमिनीवर.

लंकाबाईनं पदर सावरला. तो काही तिनं सोडला नाही. ती कधीच सोडणार नव्हती, आणि कुणी विचारलंही नाही.

"सकाळी सहाला आन् दुपारी दोनला आकडा माझ्या टेबलावर पायजे," ती म्हणाली. "तोंडी. डिझेल निम्म्यावर आलं की तवाच्या तवा."

"आन् तू गेटवर आसशील तर?" दादाभाऊंनी विचारलं.

"गेटवर या."

दादाभाऊंनी मान हलवली. स्वेटर घ्यायला वळले, दोन पावलं गेले आणि थांबले.

"आत्ता निम्म्यावर हाय," ते म्हणाले.

"मंग भिकाभावजींना पाठवा. दोन कॅन."

"बरं," दादाभाऊ म्हणाले आणि भिकाला हाका मारत बाहेर गेले.